साडेदहाचे मिस्टर बेनेट

आमच्या टॅम्सिनला फार्मसीच्या पदवीला जायचं आहे, ही बातमी अख्ख्या हॅलिफॅक्स गावात सगळ्यात शेवटी मला कळली. आधी तिच्या आईला कळली. मग ती दर शनिवारी ज्या औषधांच्या दुकानात काम करते, तिथल्या फार्मसिस्ट नसरीनबाईंना. मग शेजारच्या पिकर्सगिल बाईंना, आणि पिकर्सगिल बाईंना कळली म्हणजे पोस्टमनला कळणारच. मला ती पोस्टमनने सांगितली. वर म्हणाला, "अभिनंदन, क्लाइव्ह! पण मग डॉक्टरच का नाही करत पोरीला?"

हा प्रश्न पुढचे पाच महिने मी इतक्या लोकांकडून ऐकला की शेवटी शेवटी कुणी नुसतं "काय म्हणते टॅम?" असं विचारलं, तरी मी "डॉक्टर नाही, फार्मसीच" असं उत्तर देऊ लागलो. मी कौन्सिलच्या पार्किंग परवाना विभागात सव्वीस वर्षं आहे. एकच प्रश्न हजारदा ऐकून न चिडणं हा आमचा धंदाच आहे. पण ऑफिसात त्याचा पगार मिळतो.

आमच्या इंग्लंडात विद्यापीठाचा अर्ज एकच असतो. त्यात पाच विद्यापीठांची नावं घालायची आणि हाच विषय का, ते चार हजार अक्षरांत पटवून द्यायचं. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्या चार हजारांत धरतात, हे वाचून मला त्या लोकांबद्दल आदरच वाटला. असा नियम आमच्या विभागालाही सुचला नव्हता. मी एका रविवारी बसून टॅमसाठी मसुदा तयार केला. 'अगदी लहानपणापासूनच मला औषधांचं आकर्षण होतं,' अशी झोकात सुरुवात केली.

"डॅड," टॅम म्हणाली, "लहानपणी मला कचऱ्याची गाडी चालवायची होती."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना."

एवढ्यावर तो मसुदा निकालात निघाला. आमच्या पलीकडच्या घरात राहणारे, बसकंपनीतून निवृत्त झालेले डग म्हणाले की फुटबॉलचा उल्लेख हवाच, त्याने माणूस संघात काम करणारा वाटतो. टॅम फुटबॉल खेळत नाही, हे त्यांच्या मते गौण होतं. पिकर्सगिल बाईंनी कुंपणावरून सांगितलं, "माझ्या गुडघ्याबद्दल लिहू दे तिला. मलम किती लावायचं ते तिनेच मला समजावलं. डॉक्टरने नुसतं 'लावा' म्हणून सांगितलं होतं." टॅमने सगळ्यांचे आभार मानले, खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःच काय ते लिहून धाडून दिलं. कुणालाही दाखवलं नाही. घरातल्या एकमेव सरकारी पत्रव्यवहारतज्ज्ञालाही नाही. त्याचं वाईट वाटलं, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मग उत्तरं यायला लागली. केमिस्ट्रीच्या सरांनी तिला अपेक्षित श्रेणी 'बी' दिली होती आणि बहुतेक ठिकाणी 'ए' लागत होती. दोघांनी सरळ नकार दिला. तिसऱ्यांनी नकार दिला, पण अतिशय गोड भाषेत, त्यामुळे तो दोनदा वाचावा लागला. चौथे गप्पच होते. पाचव्यांनी मात्र मुलाखतीला बोलावलं, आणि टॅमच्या मनातलं विद्यापीठ तेच होतं. त्या संध्याकाळी तिने जेवताना दोनदा बटाटे वाढून घेतले. पोरीने कित्येक आठवड्यांनी पोटभर खाल्लं, हे बघून लिंडसे, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत राहिली. आता सगळं त्या एका मुलाखतीवर होतं.

ही मुलाखत साधीसुधी नव्हती. टेबलापलीकडे तीन माणसं आणि अलीकडे घाम, अशी मुलाखत मला समजते. इथे सहा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत पाच मिनिटं. एकीत हिशेब, एकीत नीतिमत्तेचा प्रश्न, एकीत रुग्णाचं सोंग घेतलेला नट. घंटा झाली की उठायचं आणि पुढच्या खोलीत जायचं.

"हे आपण घरी करू शकतो," मी म्हणालो.

"नको," टॅम आणि लिंडसे एकदम म्हणाल्या.

पण तोवर पिकर्सगिल बाई कोट काढून आत आल्या होत्या.

आमचं घर ओळीतलं, दोन खोल्या वर, दोन खाली. सहा खोल्या भरवायच्या म्हणजे बाथरूम आणि जिना धरावाच लागला. स्वयंपाकघरात डग नीतिमत्ता सांभाळत होते. 'तुमचा मित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला तर काय कराल?' हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, कारण १९८७ साली त्यांच्या डेपोत असंच काहीतरी घडलं होतं. बाथरूममध्ये हिशेब होता. मागच्या खोलीत पिकर्सगिल बाई रुग्ण झाल्या. त्यांनी कागदावरचा आजार बाजूला ठेवला आणि स्वतःचे खरे आजार क्रमाने सांगायला घेतले. पाच मिनिटं संपली, घंटा झाली, तरी त्या अजून पित्ताशयापर्यंतही आल्या नव्हत्या.

बैठकीच्या खोलीत संतापलेलं गिऱ्हाईक मी होतो. लोकांचा संताप किती प्रकारचा असतो हे माझ्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. रोज नऊ ते पाच मी तोच ऐकतो. पण पोटच्या पोरीवर ओरडायचं म्हटलं की आवाज चढेचना.

"माझ्या गोळ्या कुठे आहेत?" मी म्हणालो. "म्हणजे... तुला वेळ असेल तर."

"डॅड, तू चिडलेला आहेस."

"हो, सॉरी."

दुसऱ्या फेरीत मी ठरवलं, आता धडाक्यात चिडायचं. वर बाथरूममधला हिशेब मीच घेत होतो. घंटा झाली तसा टॅमच्या आधी खाली पोचावं म्हणून धावलो आणि जिन्यावरच्या गालिच्याने दगा दिला. शेवटच्या सात पायऱ्या मी बसूनच उतरलो. मनगट लचकलं. हॉस्पिटलात पाच तास बसल्यावर हात गळ्यातल्या झोळीत गेला. डग सोबत होते. एकंदरीत सराव उत्तम झाला, असं त्यांचं मत पडलं.

मुलाखतीच्या दिवशी सोबत कुणी यायचं, यावर घरी चर्चा झाली. लिंडसेला सुट्टी मिळेना. टॅम म्हणाली, "ये, पण कुणाशी बोलू नकोस." मी शब्द दिला, आणि त्या वेळी तो अगदी मनापासून दिला होता.

विद्यापीठ समुद्रकाठच्या एका शहरात आहे. नाव सांगत नाही. माझ्यामुळे त्या लोकांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे. दारातच टॅमच्या कोटावर निळा गोल चिकटवला आणि तिला निळ्या गटात नेलं. जाताना तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरकडे जाताना सातव्या वर्षी पाहायची, अगदी तसं. मी सुटा हात हलवला. मग पालकांची चहाची खोली शोधत एका लांब कॉरिडॉरमध्ये शिरलो. तेवढ्यात हातात यादी घेतलेली एक तरुण बाई समोरून धावत आली.

"तुम्ही साडेदहाचे ना?"

टॅमची वेळ साडेदहाचीच होती. मी म्हणालो, "हो."

"देवासारखे आलात! मला वाटलं तुम्ही येतच नाही. आणि झोळीसुद्धा घालून आलात? कमाल आहे तुमची!"

"घालावीच लागते," मी म्हणालो.

तिने मला एका छोट्या खोलीत बसवलं, चहा आणून दिला आणि एक छापील कार्ड हातात ठेवलं. चहात दूध अगदी हवं तेवढं होतं. एवढ्या घाईत कुणी इतका नीट चहा करून दिला, तर लगेच 'बाई, तुमची चूक होते आहे' असं म्हणणं मला जमत नाही. माझ्या वडिलांनाही जमत नसे. ते एकदा केवळ संकोचापोटी भलत्याच माणसाच्या अंत्ययात्रेत शेवटपर्यंत गेले होते. मी ठरवलं, चहा संपला की सांगू. मग कार्ड वाचलं.

'तुम्ही मिस्टर बेनेट, वय छप्पन्न. गोळ्या मिळायला उशीर झाला म्हणून संतापलेले. खरी गोष्ट अशी की रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही स्वतःहूनच बंद केल्या आहेत. बरं वाटतं, मग कशाला घ्यायच्या, असं तुम्हाला वाटतं. घरी सांगितलेलं नाही. उमेदवाराने आपुलकीने विचारलं तरच सांगा.' खाली ठळक अक्षरांत: 'कोणत्याही परिस्थितीत भूमिका सोडू नये.'

मी कप बशीवर ठेवला आणि कार्ड पुन्हा वाचलं. ठळक अक्षरांमुळे नव्हे. माझं वय चोपन्न आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या मी ऑक्टोबरपासून बंद केल्या होत्या. पायाचे घोटे सुजायचे, आणि मुख्य म्हणजे बरं वाटत होतं. लिंडसेला सांगितलं नव्हतं. हे एवढं या बाईला कसं कळलं, असा अर्धं मिनिट मला खरोखरच प्रश्न पडला. तेवढ्यात हातात पॅड घेऊन परीक्षक आल्या, डॉक्टर प्रॉसर नावाच्या बाई. त्या कोपऱ्यात बसल्या आणि घंटा झाली.

एक उंच मुलगा आत आला. त्याच्या छातीवर हिरवा गोल होता. म्हणजे हा हिरवा गट, टॅम निळ्यात. तिचा इथे काही संबंध येणार नाही. या विचाराने मला धीर आला आणि कार्डाखालचे ते शब्दही डोळ्यांपुढे आले. छापील सूचना मोडायची सवय मला नाही. मी तोंड उघडलं, आणि काय सांगू, सव्वीस वर्षं कानांत साठवलेला संताप एकदम बाहेर पडला. पार्किंगच्या सी विभागातल्या रहिवाशांची वाक्यंच्या वाक्यं मला तोंडपाठ होती. "मी कर भरतो! मला तुमच्या वरिष्ठांचं नाव हवंय! गेल्या मंगळवारी मी इथे येऊन गेलो, आणि तुमच्यासारखाच एक जण होता!" बिचारा नऊ वेळा सॉरी म्हणाला. दहाव्यांदा मीच त्याला सॉरी म्हणालो. पुढची मुलगी हुशार निघाली. तिने खुर्ची जरा जवळ ओढून मला बोलतं केलं, आणि गोळ्या बंद केल्याचं मी तिला सांगून टाकलं. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर प्रॉसर घंटेनंतर हळूच म्हणाल्या, "तुम्ही फारच खरं करता हो."

इतकं कौतुक मला आयुष्यात फारसं मिळालेलं नाही. मिळालं तेव्हा ते मिस्टर बेनेटना मिळालं.

मग घंटा झाली, दार उघडलं आणि टॅम आत आली. निळ्या गटातला कुणी आजारी पडल्यामुळे गटांची अदलाबदल झाली होती, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझी मुलगी दाराशी थिजून उभी आहे आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला आहे. तिचं अख्खं वर्ष त्या दारात उभं होतं. मला उठून सगळं कबूल करायला हवं होतं. मी कार्डाकडे पाहिलं. ठळक अक्षरं तिथेच होती.

"किती वेळ ताटकळत ठेवायचं माणसाला!" मी ओरडलो. या वेळी आवाज छान लागला.

टॅमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती डॉक्टर प्रॉसर यांच्याकडे वळली आणि कापऱ्या पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "माफ करा. हे माझे वडील आहेत. मला ही खोली करता येणार नाही."

डॉक्टर प्रॉसर यांचं पेन थांबलं. "मिस्टर बेनेट?"

"मी या मुलीला ओळखत नाही," मी म्हणालो. असं मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. लिंडसेने तर ते समजून घ्यायचा प्रयत्नच सोडून दिला आहे.

"डॅड!"

"ओळखतो," मी म्हणालो. "जन्मापासून."

पुढची दहा मिनिटं कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत. यादीवाली बाई धावत आली. टॅमला बाहेर बसवलं. मी तीनदा उठून माफी मागितली आणि तिन्ही वेळा झोळी खुर्चीत अडकली. खऱ्या नटाचा शोध सुरू झाला. ते गृहस्थ चुकून पालकांच्या चहाच्या खोलीत शिरले होते, आणि तिथे त्यांना कुणीतरी 'चला, वसतिगृह बघून घ्या' म्हटलं होतं. नको म्हणायचा त्यांनाही संकोच वाटला होता. इतर पालकांबरोबर ते तीन इमारती फिरून आले होते आणि सापडले तेव्हा चौथीत, कपडे धुवायचं मशीन किती वेळ घेतं, हे कळकळीने विचारत होते. मला तो माणूस भावासारखा वाटला.

माझ्यापुढून गेलेल्या दोघांना आणि टॅमला दुपारी पुन्हा त्याच खोलीत बसवलं, खऱ्या नटासमोर. निघताना डॉक्टर प्रॉसर गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "हा प्रकार आम्हाला समितीपुढे ठेवावा लागेल." समिती म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. मी स्वतः चार समित्यांवर आहे.

परतीच्या गाडीत टॅम खिडकीबाहेर बघत बसली होती. लीड्स स्टेशन आलं. शेवटी मीच म्हणालो, "टॅम, मी तुझं वर्ष घालवलं. मला फार वाईट वाटतंय."

"मला पण," ती म्हणाली. नंतर जराशाने, "त्या मुलाला तू म्हणे रडवलंस."

"जवळजवळ." गप्प राहून दिवसभरात पुरेसं नुकसान करून झालं होतं. "अजून एक आहे. त्या कार्डावरचा माणूस... मीसुद्धा गोळ्या बंद केल्यात. ऑक्टोबरपासून."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"अरे डॅड, दर शनिवारी न नेलेली पाकिटं मीच मोजून मागे ठेवते. चार महिने तुझं पाकीट तिथेच आहे. नसरीनबाईंनी तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस."

"मग बोलली का नाहीस? मला? निदान आईला?"

"दुकानात कळलेलं घरी बोलायचं नसतं," ती म्हणाली. तिने स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला. "रोज सकाळी तू जिना उतरताना मी मोजायचे, तुला धाप लागते का ते. आणि त्या दिवशी तू पडलास तेव्हा मला वाटलं, झालं. संपलं."

माझी मुलगी चार महिने हे एकटीने पोटात घेऊन नाश्त्याला माझ्यासमोर बसत होती, आणि मी तिला चिडलेल्या गिऱ्हाइकाचा सराव देत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला. दोन्ही इतकं एकदम वाटलं की तिकीट तपासनीस आला तेव्हा मी त्याच्या हातात कौन्सिलचं ओळखपत्र दिलं.

घरी पोचताच मी लिंडसेला सगळं सांगितलं. ती काय काय बोलली ते मी लिहीत नाही. मिस्टर बेनेटनाही तिच्याकडून शिकण्यासारखं होतं.

मग वाट बघणं आलं. तीन आठवडे झाले. मी विद्यापीठाला फोन केला. पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला, "उमेदवाराच्या परवानगीशिवाय आम्ही काहीही सांगू शकत नाही, साहेब." हेच वाक्य मी रोज लोकांना ऐकवतो. ते ऐकायला इतकं वाईट असतं याची मला कल्पना नव्हती. डगने धीर दिला, "नाही झालं तर बसकंपनीत माणसं हवीच आहेत." पिकर्सगिल बाई भेटेल त्याला सांगत सुटल्या की क्लाइव्हने मुलाखतीत पोरीला ओळखच दाखवली नाही.

शनिवारी मी औषधाच्या दुकानात गेलो. घोटे सुजतात म्हणून नसरीनबाईंनी डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली होती, ती आणायला. रांगेत माझ्यामागे साक्षात पिकर्सगिल बाई उभ्या होत्या. काउंटरवर पांढऱ्या कोटात टॅम.

"नाव?" तिने विचारलं.

"ऑर्मरॉड. क्लाइव्ह."

"पत्ता सांगता का?"

ज्या घरात आम्ही सकाळी एकाच भांड्यातला चहा प्यायलो, त्या घराचा पत्ता मी तिला घरक्रमांकासकट सांगितला. तिने तो पाकिटावरच्या पत्त्याशी ताडून पाहिला. मग मागे वळून नसरीनबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"मिस्टर ऑर्मरॉड, जरा आतल्या खोलीत येता का? दोन मिनिटं बोलायचंय."

ती छोटी खोली सगळ्या गावाला माहीत आहे. तिथे नेऊन जे सांगतात ते रांगेसमोर सांगण्यासारखं नसतं. मागे पिकर्सगिल बाईंनी श्वास आत ओढल्याचं मला ऐकू आलं. मी आत गेलो, टॅमने दार लावलं, आणि पांढऱ्या कोटासकट माझ्या गळ्यात पडली.

"आलं, डॅड! आत्ता, चहाच्या सुट्टीत बघितलं. घेताहेत मला. केमिस्ट्रीत बी चालेल म्हणतात!"

मी तिच्या पाठीवर थोपटत राहिलो आणि दोघंही त्या कपाटाएवढ्या खोलीत रक्तदाब मोजायच्या मशीनशेजारी उभे राहून रडलो. मग तिने डोळे पुसले, कोट नीट केला आणि बजावलं, "आईला मी संध्याकाळी स्वतः सांगणार आहे. तोवर कुणाला एक अक्षर नाही. शपथ घे."

मी घेतली. मग तिने नवी गोळी कधी घ्यायची ते समजावलं, आणि मी काय ऐकलं ते माझ्याकडूनच पुन्हा म्हणवून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा माझे डोळे लाल होते आणि हातात औषधाची पिशवी. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पिकर्सगिल बाईंनी माझा दंड धरला. "अरे क्लाइव्ह, काय सांगितलं रे पोरीने? फार वाईट आहे का?"

काउंटरमागून टॅम एकटक माझ्याकडे बघत होती. सांगायला माझी जीभ वळवळत होती. असली बातमी आयुष्यात पहिल्यांदाच पिकर्सगिल बाईंच्या आधी माझ्याकडे आली होती.

"दुकानातलं बाहेर बोलायचं नसतं, बाई," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत आमच्या दारात तीन घरांतून शिजवलेलं जेवण येऊन पडलं होतं, कुणाच्या घरी दुःख झालं की पोचवतात तसं. डगने तर माझा हात हातात घेऊन, बाग मी बघेन, असा शब्दही दिला. लिंडसे सहाला कामावरून आली, दारातली भांडी पाहून पांढरीफटक पडली, आणि तेवढ्यात टॅम बातमी घेऊन धावत जिना उतरून आली.